उडवीच्या दोन बाजू

कापलेल्या भाताचा वास आला की माझा उजवा अंगठा दुखायला लागतो.

हे वाचून कुणाला वाटेल, काय कष्टाळू शेतकरी आहे हा! आईलाही तसंच वाटलं होतं. "इळा धरून धरून अंगठा गेला माझ्या पोराचा," असं ती गेल्या वर्षी शेजारच्या शेवंताकाकूला सांगत होती आणि मी मान खाली घालून ते कौतुक गिळत होतो. खरं म्हणजे त्या मोसमात मी जेमतेम दोन खाचरं कापली असतील, तीही आई बघत असताना. अंगठा गेला होता तो फोनवर माणसं सरकवून. ही नको, डावीकडे. हीही नको, डावीकडे. ही बरी वाटते, उजवीकडे. हिच्यात काही वाईट नाही, पण डावीकडे.

शहापूरच्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. "श्वास भरून घ्या, रोखा, हलू नका... सोडा," हे दिवसभर म्हणून म्हणून झोपेतही म्हणतो, असं आई सांगते. दुखणं वाढलं तेव्हा एका दुपारी पेशंट नव्हते, म्हणून मी स्वतःचाच अंगठा मशीनखाली ठेवला, स्वतःलाच "हलू नका" म्हणालो आणि फोटो बघितला. हाडं जागच्या जागी, सांधा चोख. बिघाड हाडात नव्हता, हाडाच्या मालकात होता, आणि तो फोटोत येत नाही.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. दिवाळी होऊन गेलीय. सकाळी अंगणात उभं राहिलं की समोर धुकं, आणि धुक्याच्या वर नुसता नानाचा अंगठा. आमच्या वैशाखऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना तो डोंगर रोज दिसतो, त्याचं कौतुक मुंबईच्या ट्रेकवाल्यांना. गेल्या वर्षी मात्र तो मला मुद्दाम चिडवतोय असं वाटायचं. कापलेल्या खाचरांत धसकटं, धसकटांवर कोळ्यांची जाळी, जाळ्यांवर दव. पायाला बोचतं, अंगाला कूस, म्हणजे भाताची बारीक कुसळं, लागते, मानेवर खाज सुटते आणि नाकात तो वास भरतो. ओलसर, गोडसर, थोडा धुळीचा. लहानपणी या वासाबरोबर गूळ-पोहे आठवायचे. आता आठवते ती एक गोल फिरणारी खूण आणि खाली लिहिलेलं, 'तुमच्या जवळच्या व्यक्ती शोधत आहोत'.

जवळच्या! या शब्दावर मी एकदा त्या अ‍ॅप बनवणाऱ्याला समोर बसवून बोलणार आहे. त्याला सह्याद्री माहीत नाही. कावळ्यासारखं सरळ अंतर मोजतो तो. मला एक मुलगी दाखवली, अगदी हाकेच्या अंतरावर. मी खुशीत दोन दिवस बोललो. मग कळलं की बाई नाणेघाटाच्या वर राहते. सरळ रेषेत जवळच, फक्त मध्ये कडा. गाडीनं जायचं तर माळशेज चढून सगळा वळसा. तिनं विचारलं, "येतोस का चहाला?" मी कड्याकडे बघितलं आणि म्हणालो, "पुढच्या जन्मी." तिला तो विनोद कळला नसावा. दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

आणि खरोखर जवळच्या दाखवल्या, त्या फारच जवळच्या. एकदा वहिनीची मावसबहीण आली. मी घाबरून अंगठा हलवला तो नेमका उजवीकडे. मग पुढच्या लग्नात वरण वाढताना तिनं मला इतक्या पळ्या वाढल्या की पत्रावळीचा तलाव झाला.

असे तीन अ‍ॅप होते माझ्या फोनवर. फोटोंत मी मित्राच्या बुलेटवर बसलेला, गॉगल लावून, मागे माळशेजचा धबधबा. माहितीत लिहिलेलं, 'फिरायची आवड'. रोज वैशाखऱ्याहून टोकावडे, सरळगाव, किन्हवली करत शहापूर आणि परत, मोटारसायकलवर कंबर मोडून घेणाऱ्या माणसाला फिरायची आवड! रविवारी मला घराच्या ओट्यापलीकडे जायला नको असतं. पण 'ओट्यावर बसायची आवड' असं लिहिलं तर कोण बघणार?

ओळी ठरलेल्या. 'तुझं हसू छान आहे' ही ओळ मी शहापूरच्या दोघींना एकाच दिवशी पाठवली. त्या एकाच दुकानात, एकाच काउंटरमागे, शेजारी-शेजारी बसून काम करत होत्या. मला हे त्यांनी पाठवलेल्या फोटोवरून कळलं. दोघी तोंडावर हात धरून उभ्या, हसू दिसू नये म्हणून.

एवढ्यावर हसता येतं. ज्यावर हसता येत नव्हतं ते वेगळंच होतं. गप्पा रंगात आल्या की हमखास एक प्रश्न यायचा, "पूर्ण नाव काय तुझं?" मी लिहायचो, आडनावासकट. मग शांतता. शिवी नाही, नकार नाही, काहीच नाही. आदल्या रात्री आवडत्या भाजीपर्यंत पोचलेलं माणूस आडनावापाशी येऊन विरघळून जायचं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा मागचं सगळं मागे टाकलं होतं. ते मागचं सगळं नातवाच्या आडनावाच्या दाराशी अजून मुक्काम ठोकून बसलेलं होतं. तोंडावर 'नाही' म्हटलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. पण शांततेशी भांडायचं कसं? चीड आली की मी अजून सरकवायचो. शिळ्या ताटावर बसलेल्या माणसासारखा, भूक मेलेली, तरी चिवडणं चालू.

त्याचं काय झालं ते मला एका सकाळी दवाखान्यात कळलं. एका म्हाताऱ्याच्या छातीचा फोटो पडद्यावर आला. बरगड्या, हृदयाची सावली, सगळं स्वच्छ. आणि माझा अंगठा आपणहून पडद्यावर गेला आणि त्या म्हाताऱ्याच्या बरगड्या त्यानं डावीकडे सारल्या. म्हातारा मागे उभा होता. "काय झालं, बिघडलंय काय छातीत?" त्यानं विचारलं. "नाय बाबा," मी म्हणालो, "तुमी एकदम झकास." एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, कुणी समोर आलं की चेहरा दिसायच्या आधी अंगठा वळवळायचा. बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य ऐकू यायचं, दुसरं नाही.

घरी रेंज फक्त खळ्याच्या कडेच्या दगडावर. कापणीच्या दिवसांत आई भारे वाहत असायची आणि मी त्या दगडावर, फोन आभाळाला दाखवत. शेवटी एक दिवस ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. "दाखव," म्हणाली. मी दाखवलं. तिनं डोळे बारीक करून दोन-तीन मुली बघितल्या.

"ही कोण?"

"माहीत नाय."

"कोणाची?"

"माहीत नाय गो."

"मग तू काय बघतोस? म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायचा तर माणूस त्याला चालवून बघतो, दात बघतो, पाठीवर थाप मारतो. तू नुस्ता फोटू बघून हाकलतोस व्हय सगळ्यांना?"

"आई, त्या पण मलाच हाकलतायत."

"बरोबर हाय त्यांचं," आई म्हणाली आणि भारा डोक्यावर घेऊन गेली.

त्याच आठवड्यात अ‍ॅपवर वंदनाशी बोलणं सुरू झालं. ती शहापूर तालुक्यातली, किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावरची, आणि कामाला मुरबाडच्या एमआयडीसीत, पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर. म्हणजे रोज सकाळी मी मुरबाड तालुका सोडून शहापूरला आणि ती शहापूर तालुका सोडून मुरबाडला. किन्हवली ते सरळगाव या रस्त्यावर आम्ही कित्येक महिने एकमेकांना ओलांडत होतो. मी तिला माझं ठरलेलं वाक्य पाठवलं, शहापूरला नाक्यावर कॉफी घेऊया का? तिचं उत्तर आलं, "रविवारी आमची भाताची झोडणी आहे. सुट्टी तेवढीच. भेटायचं तर खळ्यावर ये. नायतर मे महिन्यात बघू."

त्या रविवारी माझ्या आणखी दोन कॉफ्या ठरलेल्या होत्या. दोन्ही ठिकाणी काय बोललं जाणार हे मला शब्दन्‌शब्द माहीत होतं. वैतागून मी दोन्ही मोडल्या आणि खळ्यावर गेलो. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट आणि अंगावर सेंट. भाताच्या खळ्यावर सेंट लावून जाणारा मुरबाड तालुक्यातला मी पहिलाच असेन.

वंदनाचे वडील काशिनाथकाका पंचा गुंडाळून फळीवर पेंढ्या झोडत होते. थांबले, मला खालून वर बघितलं.

"जय भीम. कुठले तुमी?"

"जय भीम. वैशाखऱ्याकडचा."

"एवढ्या लांबून?"

"एक्स-रेवाले हायत, बाबा," वंदना मागून म्हणाली. "आजीच्या कमरेचा फोटू यांनीच काढलेला." मी तिच्या कुठल्याही आजीची कंबर बघितलेली नव्हती. आणि फोनवर 'तू' म्हणणारी ती खळ्यावर 'तुमी' म्हणत होती, त्यानं मी उगाच चार बोटं उंच झालो.

"आलाच हायत तर लावा हात," काका म्हणाले.

मी पेंढी उचलली, डोक्यावरून मागे नेली आणि सगळी ताकद लावून फळीवर आपटली. म्हणजे आपटायला निघालो. पेंढी मधेच हातातून सुटली, वंदनाच्या काकीच्या डोक्यावरून गेली आणि पाण्याच्या हंड्यात उभी राहिली, फुलदाणीत ठेवल्यासारखी. काकीनं डोकं चाचपलं. मग वंदना म्हणाली, "श्वास रोखा, हलू नका!" आणि खळं फुटलं. काकी हसता हसता खाली बसली.

दुपारी जेवणं झाली. नाचणीची भाकर, सुकट, कांदा. माणसं सावलीला आडवी झाली. भाऱ्यांची रास, आमच्याकडे तिला उडवी म्हणतात, घराएवढी उंच रचलेली होती. मी उठून सहज तिच्या मागे गेलो. सहज कसला, रेंज शोधायला. रेंजची एक कांडी दिसली. हात आपोआप वर गेला, अंगठा आपोआप चालू झाला. मी एकीला डावीकडे सारलं, फोन आणखी उंच धरून उडवीला वळसा घातला, आणि समोर वंदना. तिचाही हात वर. तिचाही अंगठा चालू.

कापलेल्या भाताला टेकून आम्ही दोघं तसेच उभे, हात वर करून, पोलिसांनी धरल्यासारखे.

"कोण हाय?" तिनं माझ्या फोनकडे मान हलवली.

"हॉटेलात काम करते म्हणे. तुझ्याकडं?"

"कोणतरी ट्रेकवाला. गडावर हात पसरून उभा हाय." तिनं हात खाली घेतला. "जेवताना तू माझ्यासमोर बसलेलास ना?"

"व्हय."

"तू काय बोलत व्हतास?"

मला आठवेना. मी तिला विचारलं, तू काय बोललीस? तिलाही आठवेना. आम्ही एकत्र जेवलो होतो, तिनं मला दोनदा भाकर वाढली होती, आणि दोघांच्या डोक्यात त्या जेवणाचं एकही वाक्य नव्हतं. ती हसली, पण मघाचं हसू नव्हतं ते. "मी थकलेय रे," म्हणाली. "काम करून नाय. हे बघून बघून."

मला वाटलं होतं हा आजार मला एकट्याला झालाय. नाव नव्हतं त्याला. भाताला करपा येतो, तुडतुडा येतो, त्याची नावं घरातल्या पोरांनाही ठाऊक असतात. हा कुठला रोग, ज्यात माणूस माणसाच्या शोधात निघतो आणि समोरचं माणूस दिसेनासं होतं?

संध्याकाळी निघताना काकांनी विचारलं, "तुमची झोडणी कवा?" मी गाडीला किक मारत म्हणालो, "पुढल्या रविवारी."

आता या ठिकाणी शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसानं जी चूक करू नये ती मी केली. आमच्या भागात सावड असते. आज तुम्ही माझ्या खळ्यावर राबलात की मी तुमच्या खळ्यावर येऊन राबायचं, न बोलावता. पैशानं फिटत नाही, आभारानं फिटत नाही, घामानंच फिटते. झोडणी कधी असं जो विचारतो तो हवापाणी विचारत नसतो, तो वार पक्का करत असतो. हे मला दुधाच्या दातांपासून माहीत. पण त्या वर्षी माझं डोकं कुठे होतं ते सांगितलंच आहे.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या अंगणात टेम्पो थांबला. काशिनाथकाका उतरले, काकी उतरली, दोन चुलते उतरले आणि शेवटी वंदना, कमरेला ओढणी बांधून. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"कोण हो तुमी?"

"सावड फेडायला आलो, बाय. तुमचा पोरगा आमच्याकडं राबून गेला."

आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग वंदनाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझा पोरगा? राबून गेला? दुसऱ्याच्या खळ्यावर? याचा अर्थ एकच निघत होता आणि तो तिनं काढला. कुंपणापलीकडून शेवंताकाकू ओरडली, "ठरलं काय गो?" आई म्हणाली, "आधी चहा तर ठेवू दे!" म्हणजे नाही म्हणाली नाही. तासाभरात आळीतल्या बायका एकेक करून मीठ मागायला आल्या. आमच्या घरात त्या दिवशी मिठाचा डबा रिकामा झाला.

दुपारी वंदना सुपानं वारा देत होती. दाणे पायाशी पडत होते आणि पोचट दाणे वाऱ्यावर लांब उडत होते. मी पुढ्यात भात ओतत होतो.

"तुझी आई मला म्हशाच्या जत्रेच्या आधीचा मुहूर्त सांगून गेली," ती सूप न थांबवता म्हणाली. "आता बोलायला लागंल. तुला मी आवडले काय?"

साधा प्रश्न. मी आत बघितलं. खरंच बघितलं, कुणी श्वास रोखून बघतं तसं. समोर एक बाई, तिच्या भुवईत कोंडा, घामानं केस कपाळाला चिकटलेले, काम चोख, जीभ तिखट. यातलं काय वाईट होतं? काहीच नाही. पण आत काही हललं का? आतला माणूस नुसता बसला होता, अंगठा वर धरून, पुढचं कोण याची वाट बघत. मला स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता. होय म्हणणं सोपं होतं, सगळी आळी तयार होती. नाही म्हणणंही सोपं होतं. दोन्हीपैकी काहीही खरं नव्हतं.

"मला कळत नाय," मी म्हणालो.

सूप थांबलं. वाटलं, आता हे डोक्यात बसणार.

"मला पण नाय कळत," वंदना म्हणाली. "तू बरा हायस. पण तू बोलायला लागलास का माझ्या डोक्यात येतं, खाली अजून कोण असंल? पहिलं असं नव्हतं रे. पहिलं मला माणूस आवडायचा नायतर नाय आवडायचा. आता दोनीपण व्हत नाय."

"आईला काय सांगू?"

"सांग, सावड फिटली," ती म्हणाली आणि पुन्हा वारा द्यायला लागली.

त्यानंतर आईनं माझ्याशी बोलणं सोडलं, तिला शक्य होतं तेवढं, म्हणजे दीड दिवस. शेवंताकाकू मात्र अजूनही मला बघून "अर्धा नवरा" म्हणते.

अ‍ॅप मी काढून टाकले. मग पुन्हा घातले. पुन्हा काढले. एकानं तर 'आम्हाला तुमची आठवण येते' असा निरोप पाठवला, त्या अख्ख्या मोसमात माझी आठवण काढणारा तो एकटाच. चिडचिड कमी झाली नाही, उलट वाढली. मोकळा हात कुठे ठेवायचा ते कळेना. जेवताना समोर भिंत. चहा पिताना नुसता चहा. टायफॉइडनंतर जिभेला चव नसते ना, तसे ते दिवस. लोक म्हणतात सोडलं की मोकळं वाटतं. मला तर दोन महिने नुसतं रिकामं वाटत होतं.

चव आली ती भलतीकडूनच. दवाखान्यात एक आजी मनगट धरून आली. पडले म्हणाली. कशी? बकरीनं पाडलं. मी "हलू नका" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "कुठली बकरी?" आजीनं डोळे मोठे केले. मग त्या बकरीची आई, तिचा स्वभाव, तिनं सरपंचाची चड्डी कशी खाल्ली, सगळं सांगितलं. बाहेर रांग वाढत होती. मी ऐकत होतो, पहिलं वाक्य, दुसरं, दहावं.

वंदनाशी बोलणं जवळजवळ नव्हतंच. सकाळी सरळगावच्या पुढे ती गाडीवरून समोर यायची, एक हात वर करायची, मी एक हात वर करायचो. पावसाळ्यात पंचाईत. ती रेनकोटात, डोक्यावर हेल्मेट. कोण ती कळेना. मग मी पावसाळाभर समोरून येणाऱ्या प्रत्येक रेनकोटाला हात केला. एक दूधवाला मला अजूनही आपला नातेवाईक समजतो.

आणि परवाच्या रविवारी त्यांची झोडणी होती, हे मला तिच्याच हातातल्या सुपावरून कळलं. शनिवारी सकाळी तिनं हात वर केला त्यात सूप होतं, नवंकोरं. नियमानं मला जायचं कारण नव्हतं. त्यांनी केलं, आम्ही केलं, सावड पुरी फिटलेली. आई म्हणाली, "जातोस तर काय समजून जातोस ते तरी सांग." मी जुना शर्ट घातला आणि गेलो.

काकांनी फळीवरून मान वर केली. "फिटली व्हती की आपली."

"व्हय."

"मग?"

"काम हाय काय?"

"कामाला काय तोटा," ते म्हणाले आणि बाजूला सरकून त्यांनी मला फळीची अर्धी जागा दिली.

दुपारी जेवणानंतर सगळे आडवे झाले. जेवताना वंदना तिच्या लाइनवरच्या एका बाईबद्दल बोलत होती, जी खोकी मोजताना गाणं म्हणते आणि गाणं संपलं की आकडा विसरते. बोलता बोलताच ती पेंढ्याला टेकली आणि झोपली. तोंड किंचित उघडं, कपाळावर कूस चिकटलेली, एक पाय चपलेतून बाहेर. फोटोत कुणी असा चेहरा टाकणार नाही. मी जवळच बसलो होतो आणि बघत होतो. बराच वेळ बघत होतो, आणि या चेहऱ्याच्या पलीकडे मला काहीही बघायचं नव्हतं. एक माशी आली आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. हाकलली तर वंदना जागी होणार, नाही हाकलली तर माशी जागी होती. या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, आणि मला घाई नव्हती.